अडीच कान

काकांनी मला खोली भाड्याने देण्याआधी एकच प्रश्न विचारला. आम्ही त्यांच्या पोर्चमध्ये बसलो होतो आणि समोरच्या अंगणात शेजाऱ्यांचा कुत्रा झोपला होता. काकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘त्याचा कान किती लांब असेल?’

नागपूरहून निघताना अमेरिकेतल्या घरमालकांबद्दल मला बऱ्याच जणांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. लीज नीट वाच, हीटर चालू करून बघ, तळघरातली खोली असेल तर ओल येते का ते विचार. कुत्र्याच्या कानाबद्दल कोणी बोललं नव्हतं.

‘चार इंच?’ मी म्हणाले.

‘चारच काहून?’

‘अंदाजाने.’

‘अंदाज म्हणजे कशाशी तरी ताडून पाहणं. तू कशाशी ताडलं?’

‘कशाशीच नाही,’ मी म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, ‘अहो, तिला आधी चहा तरी पिऊ द्या. कान काय पळून चाललेत?’

काका हसले आणि आत बघून म्हणाले, ‘कशाशीच नाही ताडलं. पण तसं तोंडावर कबूल तर केलं. राहू दे हिला.’

ही २००२ सालची गोष्ट. गावातल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम होतं आणि माझ्या कंपनीने मला त्यासाठी वायोमिंगमध्ये पाठवलं होतं. न्यू जर्सी नाही, कॅलिफोर्निया नाही, वायोमिंग. मैलोन्‌मैल पिवळं गवत, सेजची राखाडी झुडपं, तारेची कुंपणं आणि वारा. हॉस्पिटलमधल्या रिसेप्शनिस्टने पहिल्याच दिवशी मला एक पत्ता दिला आणि ‘युवर पीपल’ म्हणाली. अख्ख्या गावात माझे ‘पीपल’ दोनच होते. एक हे काका, मूळचे यवतमाळचे, आणि दुसऱ्या काकू, पुण्याच्या.

काका सत्तरच्या दशकात जिऑलॉजी शिकायला आले आणि मग युरेनियमच्या खाणीत नोकरीला लागले. पुढे खाण बंद पडली. बरोबरचे सगळे डेन्व्हरला, ह्यूस्टनला निघून गेले. काका राहिले. गावच्या कॉलेजात थोडं शिकवायचे, कोणाच्या विहिरीला पाणी लागेल ते सांगायचे. गाव त्यांना ‘डॉक’ म्हणायचं. पीएचडी होते, पण गावात निम्म्या लोकांना ते गुरांचे डॉक्टर वाटायचे. तीस वर्षं अमेरिकेत राहून त्यांचं वऱ्हाडी इतकं शाबूत होतं, की मला नागपुरात असल्यासारखं वाटायचं. खरं तर नागपुरातही आता कोणी तसं बोलत नव्हतं.

काका का राहिले याबद्दल काकूंचं म्हणणं ठरलेलं होतं. ‘त्यांच्या बकऱ्या सोडवेनात त्यांना.’

बकऱ्या म्हणजे प्रॉन्गहॉर्न. हरणासारखा दिसणारा, पण हरीण नसलेला हा प्राणी तिथल्या माळावर शेकड्यांनी चरतो. अंग तपकिरी, पोट पांढरं, गळ्यावर आडवे पट्टे. नराच्या डोक्यावर दोन काळी शिंगं असतात, वर जाऊन आत वळलेली, आणि प्रत्येक शिंगाला मध्येच पुढे आलेला एक फाटा. गावातली माणसंही त्यांना ‘गोट्स’च म्हणायची. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू झाला, की लांबलांबून लोक यायचे. परवाना लॉटरीने निघतो आणि एका परवान्यावर एकच जनावर मारता येतं, म्हणून प्रत्येकाला मोठ्या शिंगांचा नर हवा असतो. अडचण अशी, की शिंगांना टेप लावायचा तर आधी तो मारायला हवा. जिवंत असताना तो पाव मैलावर उभा असतो, जरा संशय आला की वाऱ्यासारखा पळतो, आणि तेवढ्यात दुर्बिणीतून बघून ठरवायचं असतं, हा मोठा आहे की नुसता मोठा वाटतोय.

ते ठरवणं हा काकांचा छंद. छंद म्हणणंही कमीच आहे.

गावाबाहेर डेल नावाच्या एका रँचरची हजारो एकर जमीन होती. त्याच्याकडे शिकारी यायचे, आणि काका त्यांच्यापुढे जाऊन नर बघून द्यायचे. ट्रकच्या खिडकीच्या काचेवर क्लॅम्पने लांब दुर्बीण बसवायची, डोळा लावायचा, आणि बऱ्याच वेळाने म्हणायचं, ‘नो.’ बहुतेक वेळा ‘नो’च असायचं. चार दिवस ‘नो’ ऐकून वैतागलेला शिकारी पाचव्या दिवशी ‘येस’ ऐकलं, की डोळे मिटून विश्वास ठेवायचा. अख्ख्या तालुक्यात, म्हणजे तिथल्या काउंटीत, डॉकचा शब्द शेवटचा होता. स्वतः काका बंदुकीला हात लावत नसत. घरात मटण शिजत नसे. काकूंच्या हातची भरली वांगी आणि ज्वारी मिळत नाही म्हणून मक्याच्या पिठाची भाकरी, हे त्यांचं जेवण.

मला त्यांनी हे सगळं शिकवलं. मी काही शिकारी नव्हते, पण रविवारी त्या गावात करण्यासारखं दुसरं काय होतं? काकू कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिवडा भरून द्यायच्या आणि आम्ही निघायचो.

‘मोठा आहे,’ मी दुर्बिणीतून बघून म्हणायचे.

‘मोठा हा शब्द घरी ठेवून येत जा. कान सांग.’

कान हे काकांचं माप होतं. प्रॉन्गहॉर्नचा कान जवळपास सहा इंचांचा, सगळ्यांचा सारखाच, म्हणून तो विश्वासाचा. शिंगाची लांबी किती कान भरते ते बघायचं. दोन कान म्हणजे साधा नर. अडीच कान म्हणजे गाडी थांबवायची. मग फाटा बघायचा. फाटा कानाच्या टोकाच्या वर निघाला असेल तर उत्तम, खाली असेल तर पोर आहे, जाऊ दे. मग शिंगाची जाडी, ती डोळ्याशी ताडायची. आणि हे सगळं समोरून, बाजूने आणि पाठमोरं, तीनदा. ‘समोरून सगळेच चांगले दिसतात,’ काका म्हणायचे. टेकडीच्या कडेवर एकट्या उभ्या असलेल्या नरावर त्यांचा मुळीच विश्वास नसे. मागे नुसतं आभाळ असलं, की कोणीही मोठा दिसतो. आणि ऊन चढल्यावर जमिनीवरून हवा थरथरायला लागली, की ते दुर्बीण काढून डब्यात ठेवायचे. ‘आता जे दिसते ते खरं नाही.’

हळूहळू हे माप घरभर पसरलं होतं. लाटणं कुठे आहे विचारलं तर ‘फ्रिजच्या वर, दोन कान डावीकडे’ असं उत्तर यायचं. माझ्या आईने नागपूरहून एका स्थळाचा फोटो ईमेल केला, तो काकांनी छापून घेतला आणि खिडकीशी नेऊन बघितला. ‘हा तर समोरून आहे,’ ते म्हणाले. ‘बाजूने मागव.’ मी हे आईला फोनवर सांगितलं. आईला हसू आलं नाही. पुढे ते स्थळ बारगळलं, आणि काकांनी महिनाभर विषय काढला नाही. एवढंच, की रोज सकाळी माझ्या ट्रेमध्ये काकूंच्या चहाबरोबर एक संत्रं सोलून ठेवलेलं असायचं.

माझ्या तळघरातल्या खोलीशेजारी वॉशिंग मशीन होतं आणि त्याच्यावर भिंतीला एक शिंगांची जोडी टांगलेली होती. लहानशी, दीड कानाचीसुद्धा नसेल. काकू तिला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवायच्या. काकांनी आयुष्यात मारलेला हा एकमेव नर. तरुणपणी, नव्याने आलेले असताना, खाणीतल्या मित्रांबरोबर गेले होते.

‘मला वाटलं, वायोमिंगमधला सगळ्यात मोठा नर मलाच दिसला,’ ते म्हणाले. ‘गोळी घातली. चालत गेलो. आणि जसजसा जवळ जाऊन राहिलो, तसतसा तो लहान होऊन राहिला. अखेर पायाशी पाहतो तर लेकरू. सगळे शिकारी हे सांगतात, मेलेला नर जवळ गेलं की लहान होतो. सगळे हसतात. मला काही हसू आलं नाही.’

मग ते मशीनचं झाकण उघडून माझे कपडे वाळलेत का ते बघायला लागले. वाळवायचं मशीन दुसरं होतं.

२००४ च्या सुमारास काका माणसांकडे तिरपं बघायला लागले. बोलताना मान डावीकडे वळवायचे, जणू तुमच्या मागे कोणी उभं आहे आणि त्याच्याशी बोलतायत. काकूंना वाटलं मान आखडली, त्या तेल लावायच्या. मला वाटलं त्यांच्या पन्नास लकबींमध्ये ही एकावन्नावी. चहा कपाच्या बाहेर पडायचा. गाडी चालवायची वेळ आली, की ‘तू चालव, मला माळ पाहू दे’ म्हणायचे. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. माळ तर ते नेहमीच बघायचे.

त्या हंगामात ओहायोहून एक गृहस्थ आले होते. काकांच्याच वयाचे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेले, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. परवान्यासाठी ते कित्येक वर्षं अर्ज करत होते आणि अखेर यंदा नाव निघालं होतं. पुन्हा एवढा प्रवास जमेल असं त्यांनाही वाटत नव्हतं. बोलायला गोड माणूस. काकूंनी दिलेला चिवडा त्यांनी मोजून एकेक शेंगदाणा वेचून खाल्ला आणि कृतीही विचारली.

दोन दिवस काकांनी सगळ्या नरांना ‘नो’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मीही बरोबर होते. दुपार झाली होती. ऊन कडक होतं आणि लांबचं कुंपण पाण्यात उभं असल्यासारखं हलत होतं. काका आणि ते गृहस्थ पोटावर सरपटत एका चढावर गेले. डेल आणि मी खाली ट्रकपाशी थांबलो होतो, तिथून आम्हाला फक्त दोघांचे बूट दिसत होते.

काकांचा आवाज आला, अगदी शांत. ‘येस. टेक हिम.’

एकच गोळी झाली. डेलने टोपी सारखी केली आणि आम्ही चढावर गेलो. पलीकडच्या उतारावर, लांब, नर पडला होता. आम्ही चौघं चालत निघालो. गृहस्थ लंगडत, पण भराभर चालत होते, लहान मुलासारखे. आम्ही जवळ जात होतो आणि तो लहान होत होता. डेलने माझ्याकडे एकदा बघितलं. ओहायोच्या गृहस्थांची चाल मंदावली. काका मात्र त्याच वेगाने चालत राहिले, कारण त्यांना अजून कळलं नव्हतं.

ते नराजवळ गुडघ्यावर बसले आणि त्यांनी शिंगावर हात ठेवला. बुडापासून अंगठा वर सरकवत नेला, तो फाट्याला लागून थांबला. मग दुसऱ्या हाताने त्यांनी नराचा कान उचलून शिंगाला लावला. कानाचं टोक फाट्याच्या वर गेलं होतं. काकांनी कान तसाच धरून ठेवला. वाऱ्याने नराच्या पाठीवरचे केस हलत होते.

‘माझी चूक आहे ही,’ काका इंग्रजीत म्हणाले. ‘मला दिसत नाही आता. मी आधीच सांगायला हवं होतं.’

ओहायोच्या गृहस्थांनी टोपी काढली. त्यांना काय वाटलं असेल ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते म्हणाले, ‘छान जनावर आहे, डॉक. मला आवडलं.’

‘नाही,’ काका म्हणाले. ‘हा दोन वर्षांचा आहे. याचं अजून व्हायचं होतं सगळं.’

परतताना काकांच्या ट्रकमध्ये आम्ही दोघंच होतो. मी चालवत होते. गाव दिसायला लागल्यावर ते मराठीत बोलायला लागले. ‘डोळ्याचं मधलं गेलं. वर्ष होऊन गेलं. कडेचं सगळं दिसते, पण ज्याच्याकडे पाहतो तेच नाही दिसत. तुझ्याकडे पाहिलं तर खिडकी दिसते, तू नाही.’

‘डॉक्टर?’

‘कॅस्परला जाऊन आलो. इलाज नाही म्हणाला.’

‘मग काका, तो नर तुम्ही कसा बघितला?’

ते समोर बघत होते, म्हणजे समोर तोंड करून.

‘नाही पाहिला,’ ते म्हणाले. ‘आठवला.’

घरी काकूंना त्यांनी माझ्यादेखतच सांगितलं. काकू कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. मला वाटलं त्या रागावतील, इतके दिवस लपवलंत म्हणतील. परातीत बघतच त्या म्हणाल्या, ‘मला वाटायचं, माझ्याकडे बघायचा कंटाळा आलाय तुम्हाला.’

मी खाली माझ्या खोलीत निघून गेले.

दुर्बीण कपाटात गेली. काकांनी माळावर जाणं बंद केलं. दिवसभर रेडिओ लावून बसायचे आणि कोणी आलं की तो बंद करायचे. त्यांच्या मुलीने, ती टेक्सासमध्ये शुगर लँडला डॉक्टर आहे, रोज फोन करायला सुरुवात केली. ती इंग्रजीत बोलायची, काका मराठीत ‘हो’ आणि ‘बरं’ म्हणायचे. घरात कोणी कशाचंही माप सांगेना. लाटणं सापडत नसेल तर काकू स्वतःच शोधायच्या.

पुढच्या हंगामात एका रविवारी सकाळी डेल आला. दारातच बूट पुसत उभा राहिला आणि म्हणाला, ‘डॉक, उत्तरेच्या पाण्याच्या टाकीपाशी एक नर आहे. मला कळत नाहीये. तू सांग.’

‘मी बघत नाही आता,’ काका म्हणाले.

‘बघू नको. मी बघितलाय. तू फक्त विचार.’

काकूंनी डेलपुढे चहा ठेवला. डेलला आल्याचा चहा मुळीच आवडत नसे, तरी तो दरवेळी पूर्ण प्यायचा. चहा संपत आला तेव्हा काका म्हणाले, ‘किती कान?’

‘अडीच. थोडा जास्तच.’

‘फाटा?’

‘कानाच्या वर. चांगला वर.’

‘बाजूने बघितला?’

‘बाजूने, समोरून, मागून.’

काका खुर्चीत सरळ झाले. शिंगाची टोकं आत किती वळली आहेत, जाडी वरपर्यंत टिकते का, नर एकटा होता की कळपात, ऊन कुठून येत होतं, अर्धा तास त्यांनी विचारलं आणि डेलने सांगितलं. अखेर काका म्हणाले, ‘येस. टेक हिम.’ डेल ‘थँक यू, डॉक’ म्हणून गेला. त्या दुपारी काकांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग डेल दर रविवारी यायला लागला. प्रत्येक वेळी नवा नर. पूर्वेच्या कुरणातला, नाल्याकाठचा, पवनचक्कीजवळचा. सगळे एकापेक्षा एक. एका रविवारी तो गेल्यावर काका मला हळूच म्हणाले, ‘डेल खोटं बोलून राहिला.’

‘काय?’

‘एका माळावर एका हंगामात असे पाच नर नसतात. अख्ख्या काउंटीत नसतात. आणि त्याच्या नराची दोन्ही शिंगं कशी एकसारखी असतात, पाह्य. बनवलेल्या जनावरात खोट नसते.’

‘मग त्याला सांगत का नाही?’

काकांनी आवाज आणखी खाली आणला. ‘इतक्या लांबून येते तो. तो चहा पिते. येऊ दे.’

२००६ च्या उन्हाळ्यात काकांचं पोट दुखायला लागलं आणि ऑगस्टमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे असं कळलं. पसरलेला होता. मी जिथे काम करायचे त्याच हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवलं होतं. माझं काम तेव्हा जवळपास संपलं होतं आणि कंपनी मला जॉर्जियात, अल्फारेटाला पाठवणार होती. मी मॅनेजरला विनंती करून तारीख पुढे ढकलून घेतली होती. जेवणाच्या सुटीत मी वर जाऊन बसायचे. काकू खुर्चीत बसून त्यांचे पाय चेपत असायच्या.

डेल येत राहिला. नर्सना त्याचे मातीचे बूट चालत नसत, म्हणून तो बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत यायचा. नर सांगायचा, काका डोळे मिटून ऐकायचे, विचारायचे कमी. शेवटी शेवटी नुसतं ‘येस’ म्हणायचे.

सप्टेंबरअखेरीस एका दुपारी तो आला तो जरा गोंधळलेला दिसत होता. बसलासुद्धा नाही.

‘डॉक, आज सकाळी टाकीवर एक आला होता. काय म्हणावं कळत नाही.’

‘कान,’ काका म्हणाले.

‘उजवं शिंग पावणेतीन कान. डावं तुटलंय. टोक नाहीच, इथून गेलंय.’ डेलने स्वतःच्या डोक्याशी हात नेला आणि मग काकांना दिसत नाही हे आठवून खाली घेतला. ‘फाट्याच्या वर चार बोटं, बस. डावा फाटाही उजव्यापेक्षा खाली आहे. चालतो तेव्हा मागचा पाय ओढतो थोडा.’

काकांनी डोळे उघडले.

‘जाडी?’

‘बुडाशी दोन डोळ्यांपेक्षा जास्त. मी असं बूड बघितलं नाही कधी.’

‘वर?’

‘वरपर्यंत. खांबासारखं.’

‘गालाचा काळा डाग?’

‘फिका पडलाय. म्हातारा आहे.’

काकांना धाप लागली होती. काकूंनी पाण्याचा कप स्ट्रॉसकट पुढे केला, त्यांनी हाताने थांबवलं. ते एकेक विचारत गेले आणि डेल एकेक सांगत गेला, आणि या वेळी डेल अडखळत होता, मागे जाऊन सुधारत होता, ‘थांब, नाही, बाजूने बघितला तेव्हा’ म्हणत होता. इतके दिवस तो कधी अडखळला नव्हता.

‘तुटलेल्या शिंगाचं माप काही येणार नाही,’ काका शेवटी इंग्रजीत म्हणाले. ‘कागदावर हा काहीच नाही. पण मी इतक्या वर्षांत असा पाहिला नाही.’

‘शनिवारी माझ्याकडे माणूस येणार आहे, डॉक.’

‘त्याला दुसरा दाखव.’

‘येस सर,’ डेल म्हणाला.

काकांनी मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्या शेजारच्या भिंतीकडे, म्हणजे त्यांना मी दिसत होते. मराठीत म्हणाले, ‘हा खरा आहे.’

मी डेलला सोडायला खाली पार्किंगपर्यंत गेले. तो ट्रकमध्ये बसला, किल्ली लावली. मग काच खाली करून म्हणाला, ‘शेवटी तो तुमच्या भाषेत काय म्हणाला?’

क्षणभर मला वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण मी सांगितलं. ‘ही सेड, धिस वन इज रिअल.’

डेल स्टिअरिंगकडे बघत राहिला.

‘म्हणजे बाकीचे त्याला माहीत होते.’

‘हो.’

‘सगळे?’

‘सगळे.’

तो हसला. एवढा मोठा माणूस, उन्हाने मान लाल झालेली, आणि हसता हसता त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मी ट्रकच्या दारावर हात ठेवून उभी राहिले. आत जाऊन तोंड धुऊन मग पुन्हा वर काकूंकडे जावं लागलं मला.

काका त्यानंतर आठवडाभरानेच गेले. मुलगी शुगर लँडहून आली होती. अंत्यसंस्काराला अर्धं गाव होतं. कित्येक लोकांना काय बोलावं कळेना, ते काकूंचा हात हातात घेऊन ‘ही वॉज नेव्हर राँग’ म्हणत होते. काकू प्रत्येकाला ‘थँक यू’ म्हणत होत्या.

मुलगी आईला आपल्याकडे घेऊन जाणार होती. घर विकायला काढलं. नोव्हेंबरात मीही निघणार होते. सामान बांधून झालं, तेव्हा निघायच्या आदल्या सकाळी डेल आला आणि काकूंना म्हणाला, एकदा रँचवर येता का? काकू नाही म्हणतील असं मला वाटलं. त्या कोट घालून आल्या. कोटाखाली साडी आणि पायांत स्नो-बूट.

आम्ही तिघं ट्रकच्या पुढच्या सीटवर, काकू खिडकीशी, अशा बसून उत्तरेच्या टाकीपर्यंत गेलो. थोडा बर्फ पडून गेला होता आणि गवताच्या मुळाशी पांढरे ठिपके राहिले होते. टाकीवर पातळ बर्फ धरला होता. कुंपण, आभाळ, वारा. एकही जनावर नव्हतं. डेल म्हणाला, परवापर्यंत होता तो तुटक्या शिंगाचा इथे, आता कळप खाली उतरले असतील. त्या शनिवारच्या माणसाला त्याने दक्षिणेकडे नेलं होतं, हे मला माहीत होतं. काकूंना माहीत होतं की नाही कोण जाणे.

‘इतकी वर्षं काय बघत होते गं हे इथे?’ काकू म्हणाल्या.

येताना कपाटातली दुर्बीण मी पिशवीत घालून आणली होती, ती काढली, खिडकीची काच अर्धी खाली घेतली आणि क्लॅम्पने ती तिच्यावर बसवली. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून डोळा लावला. गार वारा सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. मी त्यांना फोकसचं चाक कुठे आहे ते दाखवलं. त्या हळूहळू ते फिरवत राहिल्या, दुर्बीण डावीकडून उजवीकडे नेत राहिल्या.

‘दिसतंय का काही, काकू?’

‘काही नाही गं.’

पण त्यांनी डोळा काढला नाही. इंजिन चालू होतं, त्याने ट्रकची काच आणि तिच्यावरची दुर्बीण बारीक थरथरत होती. डेलला मराठी येत नव्हतं. त्याने काकूंकडे बघितलं आणि हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.